लाहोरहून मुंबईला, मुंबईहून लाहोरला: फाळणीनंतर नटनट्यांचं काय झालं?

पिटातला प्रेक्षक (धागाकर्ता)

'सीता और गीता'मधली चाची आठवतेय? ओठ लालभडक, भुवया कपाळात, डोळे वटारून हेमामालिनीच्या अंगावर धावून जाणारी. आपल्या पिढीला मनोरमा म्हणजे तेवढीच माहीत. ही बाई मूळची लाहोरची. आई आयरिश, वडील भारतीय ख्रिस्ती, खरं नाव एरिन आयझॅक डॅनियल्स. लहानपणी बेबी आयरिस म्हणून पडद्यावर आली, १९४१च्या 'खजांची'मध्ये होती आणि फाळणीपूर्वीच्या लाहोरमध्ये तिचं नाव चांगलंच चालत होतं. मुंबईत आल्यावर हळूहळू तिची खाष्ट सासू, कजाग काकू, भांडखोर शेजारीण झाली आणि पुढची कित्येक दशकं ती तेच करत राहिली.

हे एकटीचं नाही. जरा यादी काढली की एक गंमत दिसते. लाहोरमध्ये पहिल्या रांगेत असलेली माणसं मुंबईत आली तेव्हा त्यांना काम मिळालं, पण बाजूच्या खुर्चीत. खलनायक, मामा, मुनीम, चाची. मुंबईत पंगत आधीच बसलेली होती. आणि उलट दिशेनं जे गेले, विशेषतः ज्या गेल्या, त्यांना तिकडे मानाचं पान मिळालं. पण वाढायला फारसं काही नव्हतं.

सगळ्यात ठळक उदाहरण अर्थातच प्राण. लाहोरमध्ये फोटोग्राफीच्या दुकानात नोकरी करणारा हा देखणा तरुण पानाच्या टपरीवर उभा असताना लेखक वली मोहम्मद वलीच्या नजरेला पडला. त्यातून लाहोरचे निर्माते दलसुख पंचोलींचा पंजाबी 'यमला जट' (१९४०), त्यात खलनायक. मग १९४२ला उर्दू 'खानदान', त्यात सरळ हीरो, समोर नूरजहाँ. फाळणीपर्यंत लाहोरमध्ये त्याचे वीसेक चित्रपट झाले होते. ऑगस्ट १९४७मध्ये बायको आणि मुलगा इंदूरला होते, मुलाचा पहिला वाढदिवस म्हणून हाही तिकडे गेला आणि लाहोरच्या बातम्या यायला लागल्या. परतीचा प्रश्नच उरला नाही. तिथून मुंबई. उतरला ताजमध्ये, कारण लाहोरचा स्टार होता ना! काम मिळेना तसा मग स्वस्त हॉटेलांकडे सरकत गेला. असे महिनोन्‌महिने गेल्यावर उर्दू लेखक मंटो आणि नट श्याम यांनी शब्द टाकला आणि बाँबे टॉकीजचा 'जिद्दी' (१९४८) मिळाला.

आता 'जिद्दी'त कोण कुठल्या जागी होतं ते बघा. हीरो देव आनंद, म्हणजे लाहोरच्या गव्हर्न्मेंट कॉलेजातून शिकून आधीच मुंबईत आलेला पोरगा. त्याचं पहिलं मोठं यश हेच. आणि लाहोरचा प्रस्थापित हीरो प्राण त्यात दुय्यम, खलभूमिकेत. एक चार वर्षं आधी आलेला आणि दुसरा चार वर्षं उशिरा पोचलेला, एवढाच काय तो फरक. गुण-बिण नंतरच्या गोष्टी. (प्राण स्वतः म्हणायचा की झाडाभोवती फिरून गाणी म्हणणं आपल्याला कधी आवडलंच नाही. असेल. पण १९४८ला त्याला निवड करायची संधी होती असं मला वाटत नाही.)

ओमप्रकाशही तसाच. लाहोर रेडिओवरचा 'फतेहदीन' म्हणून पंजाबभर लोकप्रिय, पंचोलींच्या 'दासी'त (१९४४) पडद्यावर आला. मुंबईत आयुष्यभर विनोदी काका, नाहीतर सोशिक बाप. 'चुपके चुपके'तले जीजाजी, 'नमक हलाल'मधले दद्दू ही कामं मला अतिशय आवडतात, तक्रार नाही. पण याच माणसानं 'जहाँआरा' (१९६४) काढायची हिंमत केली होती हे विसरतो आपण. मदनमोहनची ती गाणी आपण आजही ऐकतो, चित्रपट मात्र आपटला.

माझं म्हणणं एवढंच की या लोकांच्या कारकिर्दीकडे 'नशीब' म्हणून बघू नये. धंद्याची गणितं होती. जाणकारांनी भर घालावी, विशेषतः तिकडे गेलेल्यांबद्दल. आपल्याकडच्या लेखांत त्या 'पाकिस्तानात निघून गेल्या' या वाक्यावर संपतात.

---

अनुराधा के

छान धागा. पण मानाचं पान सगळ्यांना मिळालं हे पटत नाही, प्रेक्षकराव. नूरजहाँ आणि स्वर्णलता सोडल्या तर कुणाला मिळालं सांगा.

खुर्शीद घ्या. 'तानसेन' (१९४३), सैगलसमोर, स्वतः गाणारी, रणजीत मूव्हीटोनची मोठी नायिका. १९४८ला गेली. तिकडे १९५६मध्ये 'फनकार' आणि 'मंडी' असे दोन चित्रपट केले, दोन्ही पडले. पुढे कराचीत संसार, २००१मध्ये गेली. मुमताज शांती: 'बसंत' आणि 'किस्मत', लागोपाठ दोन वर्षांत दोन प्रचंड यशस्वी चित्रपट. कलकत्त्याच्या रॉक्सीत 'किस्मत' तीन वर्षांहून जास्त चालला. त्याआधी 'मंगती' या पंजाबी चित्रपटानं तिला लाहोरमध्ये डोक्यावर घेतलं होतं. पाकिस्तानात गेल्यावर काय? पडद्यावर काहीच नाही.

रागिणीला लोक 'आहू-चश्म' म्हणायचे, हरिणाक्षी. कारदारांच्या 'शाहजहाँ'त (१९४६) होती. तिकडे दहाएक वर्षांत चरित्र भूमिकांवर आली. म्हणजे मनोरमाचं मुंबईत झालं तेच रागिणीचं लाहोरमध्ये.

माझ्या मते दिशेपेक्षा 'बाई किती वर्षांची होती' हा प्रश्न मोठा. नूरजहाँ १९४७ला एकवीस वर्षांची होती. तिच्यापुढे वेळ होता. ज्या तिशीला आल्या होत्या त्यांची दोन-तीन वर्षं स्टुडिओविना वाया गेली आणि तेवढ्यात नव्या मुली आल्या. पुरुषांना तो हिशोब लागत नाही. प्राण तीस वर्षांचा असताना खलनायक होऊ शकला आणि पन्नाशीला टेकल्यावर 'उपकार'चा मलंगचाचा करून बक्षीस घेतलं. पन्नाशीतल्या खुर्शीदसाठी कोण मलंगचाची लिहिणार होतं?

---

शेंगदाणे

मलंगचाची!! :-)

---

पिटातला प्रेक्षक

अनुराधाताई, वयाचा मुद्दा मान्य. पण 'स्टुडिओविना' हे जे तुम्ही जाता जाता लिहिलंत तेच मुख्य आहे. १९४७च्या शेवटी लाहोरमध्ये काय उरलं होतं? दलसुख पंचोली मुंबईला आले. निर्माता-दिग्दर्शक रूप के. शोरीचा स्टुडिओ दंगलीत जळाला. पैसेवाले, वितरक, थिएटरांचे मालक बहुतांशी हिंदू-शीख, तेही गेले. मॅकलोड रोड, लक्ष्मी चौक, रॉयल पार्क इथे कचेऱ्या होत्या, पाट्या होत्या, आत माणूस नाही.

अशा अवस्थेत 'तेरी याद' निघाला, पाकिस्तानचा पहिला चित्रपट. ईदेला, ७ ऑगस्ट १९४८ रोजी लाहोरच्या प्रभात टॉकीजमध्ये लागला. नायिका आशा पोसले, नायक नासिर खान. हो, दिलीपकुमारचा धाकटा भाऊ. चालला नाही. नासिर खाननं तिथे अजून एक 'शाहिदा' (१९४९) केला आणि गाशा गुंडाळून मुंबईला परत. आल्या आल्या नूतनबरोबर 'नगीना' (१९५१) मिळाला. 'पाकिस्तानचा पहिला हीरो' ही नोंद त्याच्या नावावर कायमची राहिली आणि तो मात्र 'गंगा जमुना'तला भाऊ म्हणून आपल्याला आठवतो. (बेगम पाराचा नवरा, हे कोड्यात विचारायला बरं.)

---

तबकडीवाला

दोन-तीन गोष्टी आपल्या बाजूच्या सांगतो, कारण लाहोर म्हटलं की आपल्याला वाटतं आपला काही संबंध नाही.

एक, शांता आपटे. 'कुंकू'ची नायिका, प्रभातच्या दारात उपोषणाला बसलेली ती शांता आपटे, पंचोलींच्या 'जमीनदार'साठी (१९४२) लाहोरच्या कंपनीत नायिका होती. संगीत गुलाम हैदर. म्हणजे त्या काळी लाहोरवाले मराठी नटीला उर्दू चित्रपटाची नायिका करत होते आणि त्याचं कुणाला नवल वाटत नव्हतं.

दोन, मास्टर विनायकांचा 'बडी माँ' (१९४५). नायिका नूरजहाँ, आणि लहान कामांत लता आणि आशा, दोघी. कोल्हापूरच्या वातावरणात वाढलेल्या कंपनीत पंजाबच्या कसूरहून आलेली नूरजहाँ, आणि कोपऱ्यात उभी राहून तिच्याकडे बघणारी कोवळी लता. त्यानंतर दोनच वर्षांत नूरजहाँ गेली. 'ती थांबली असती तर लता...' हा वाद या धाग्यावर कृपया नको, त्यावर दहा धागे झालेत आणि प्रत्येक ठिकाणी भांडणं झालीत. एवढंच नोंदवतो की लतासाठी हट्ट धरणारे गुलाम हैदर, 'मजबूर'वाले, तेही लाहोरचेच आणि तेही परत तिकडे गेले. १९५३मध्ये वारले.

तीन, आणि हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. पुण्यात डब्ल्यू. झेड. अहमद नावाचे गृहस्थ शालिमार स्टुडिओ चालवत होते. पदरी कोण? जोश मलीहाबादी, कृष्णचंदर, अख्तर-उल-ईमान, भरत व्यास. उर्दूतले एवढे मोठे लोक तेव्हा पुण्यात पगारावर होते! नायिका नीना. जाहिरातीत तिला 'गूढ नीना' म्हणून आणली, लोक वेडे झाले. 'एक रात' (१९४२), मग 'मन की जीत' (१९४४). 'मन की जीत'मध्ये तिच्यासमोर श्याम, तोच जो पुढे प्राणसाठी शब्द टाकणारा. फाळणीनंतर अहमद आणि नीना लाहोरला गेले. तिथे अहमदनी 'रूही' (१९५४) काढला, त्यावर सरकारनं बंदी घातली, पाकिस्तानात बंदी आलेला तो पहिला चित्रपट. नंतरचा 'वादा' (१९५७) चांगला चालला. पण नीना? गूढच राहिली म्हणायची.

---

वऱ्हाडी ठेचा

आमच्या घरी थिएटरचा धंदा होता, त्यामुळे मी नटांपेक्षा टेरिटरीच्या भाषेत विचार करतो. राग नको.

हिंदी चित्रपट विकला जातो तो मंडळांनुसार: बाँबे, दिल्ली-यूपी, ईस्ट पंजाब, सीपी-बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड), सीआय (सेंट्रल इंडिया), निजाम, बंगाल. यालाच टेरिटरी म्हणतात. आम्ही सीपी-बेरारवाले. फाळणीआधी लाहोरचा निर्माता पंजाबात पैसे काढायचा आणि दिल्ली-यूपीत नफा. उर्दू चित्रपट असेल तर आमच्या अकोला-अमरावतीपर्यंत रिळांची पेटी यायची. 'खजांची' अख्ख्या देशात चालला तो असाच. फाळणीनं लाहोरच्या निर्मात्याचा दिल्ली-यूपीचा नफा एका रात्रीत परदेशात गेला. राहिलं अर्धं पंजाब, सिंध, सरहद्द. पूर्व पाकिस्तान होतं, पण तिथला प्रेक्षक बंगाली.

मुंबईवाल्याचं काय गेलं? पश्चिम पंजाब आणि सिंध. दुखलं, पण बाकी सगळी टेरिटरी शाबूत. आणि वर मुंबईचे चित्रपट तिकडे जातच होते. म्हणजे लाहोरच्या नव्या चित्रपटाला लाहोरच्याच थिएटरात दिलीपकुमारशी आणि राज कपूरशी टक्कर द्यायची. नटाला मानधन कुठून द्यायचं?

यातूनच १९५४चं 'जाल' आंदोलन झालं. गुरुदत्तचा 'जाल', आपल्या गोव्याच्या कोळ्यांवरचा, देव आनंद-गीता बाली. तो पूर्व पाकिस्तानातून पश्चिमेत आणून लावायचा घाट घातला, तेव्हा तिकडचे फिल्मवाले रस्त्यावर उतरले. तबकडीवाल्यांनी सांगितलेले डब्ल्यू. झेड. अहमद त्यात पुढे होते, 'खानदान'चे दिग्दर्शक शौकत हुसेन रिझवी होते, नटही होते. अटका झाल्या. त्यानंतर चित्रपटामागे चित्रपट असा अदलाबदलीचा मार्ग निघाला आणि १९६५च्या युद्धानंतर दार पूर्ण बंद.

मजा बघा. ज्यांनी ते दार बंद करा म्हणून मोर्चे काढले ते काही वर्षांपूर्वी स्वतः मुंबई-पुण्यात पैसे कमावत होते. मी त्यांना नावं ठेवत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर मीही मोर्चात असतो.

---

निमिष

वऱ्हाडीसाहेब, हा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या तोडीचा आहे. आणि तुमच्या मुद्द्यावरून पिटातला प्रेक्षक यांचं म्हणणं थोडं बदलावं लागेल असं वाटतं. १९४८ ते ५४ या काळात गेलेला नट बुडाला, आणि अदलाबदल-बंदीच्या काळात जो उभा राहिला तो तरला. संतोषकुमार बघा. उस्मानियाचा पदवीधर, मुंबईत 'अहिंसा'पासून सुरुवात, फारसं नाव नाही. लाहोरला 'दो आँसू' (१९५०), पुढे अहमदांचा 'वादा', आणि पाकिस्तानातले निगार चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा नायकाचा पहिला पुरस्कार यालाच. सबीहा खानमबरोबर जोडी जमली, लग्नही झालं. मुंबईत राहिला असता तर दिलीप-राज-देवच्या मागे चौथा-पाचवा.

---

अनुराधा के

आणि सबीहा तिथेच घडली, मुंबईतून गेलेली नव्हती. म्हणजे माझाच मुद्दा. नव्या मुलींचा फायदा झाला.

बरं, स्वर्णलताबद्दल कुणी लिहिणार नसेल तर मीच लिहिते. रावळपिंडीच्या शीख घरातली. 'रतन' (१९४४) म्हणजे नौशादचा तो 'रतन', देशभर गाजलेला. त्याच सुमारास नट-निर्माते नझीर यांच्याशी लग्न केलं आणि मुसलमान झाली. फाळणीनंतर नवरा-बायको लाहोरला. मुंबईत यश असताना गेलेली ही खरी मोठी नटी. नझीर म्हणजे के. आसिफचे मामा, गडी धंद्यात मुरलेला. पडक्या स्टुडिओत बसून रडण्याऐवजी त्यांनी ओळखलं की उर्दू चित्रपटाला आता मोठी बाजारपेठ नाही, पंजाबीला आहे. 'फेरे' (१९४९) घाईघाईत बनवला. संगीतकार जी. ए. चिश्तींनी सगळी गाणी एका दिवसात केली असं सांगतात. पाकिस्तानातला पहिला पंजाबी चित्रपट, आणि तिथला पहिला रौप्यमहोत्सवी. लगेच 'लारे' (१९५०), मग 'हीर' (१९५५), 'नौकर' (१९५५).

उर्दूत नाव काढलेली नटी पंजाबीनं तगवली. नंतर पडदा सोडला तेव्हा तिनं लाहोरमध्ये मुलींची शाळा चालवली. २००८मध्ये गेली. आपल्याकडे त्या दिवशी एक ओळ कुणी छापली असेल तर शपथ.

---

कोळीवाड्याचा पुत्तर

सायन कोळीवाड्याच्या पंजाबी कॅम्पात वाढलोय, मराठी शाळेत शिकलोय, म्हणून दोन्हीकडचं थोडं सांगू शकतो. आमच्या बिल्डिंगीत म्हातारे लोक नूरजहाँला 'आपली' म्हणायचे आणि प्राणलाही 'आपला'. सरहद्द वगैरे त्यांच्या गप्पांत फक्त गाव सांगताना यायची.

स्वर्णलताताईंच्या पंजाबी डावाची आपली बाजू बघा. इकडे मुंबईत पंजाबी चित्रपट बनत होते. रूप शोरीनं 'चमन' (१९४८) काढला, फाळणीनंतर इकडचा पहिला पंजाबी. कुलदीप कौरचं ते पदार्पण. पण टेरिटरी कोणती? फक्त ईस्ट पंजाब, त्यातही हिंदी चित्रपटाशी स्पर्धा, आणि दिल्ली-मुंबईतले आम्ही निर्वासित. म्हणून मुंबईत पंजाबी चित्रपट हा कुणाचाच पूर्णवेळ धंदा झाला नाही. हिंदीतल्या तारखांमधून वेळ काढून, बहुतेकदा प्रेमापोटी, कधी गुरूचं काम म्हणून करायचे. 'नानक नाम जहाज है' (१९६९) ला पृथ्वीराज कपूर, आय. एस. जोहर, विमी. लोक थिएटरात चपला बाहेर काढून जायचे, हे आमच्या घरच्यांनी स्वतः केलेलं आहे. बलराज साहनींनी 'सतलुज दे कंडे' (१९६४) केला, ते तर लिहायचेही पंजाबीत. प्रेम चोप्रा आधी टाइम्स ऑफ इंडियात वितरण विभागात नोकरी करत होता आणि 'चौधरी करनैल सिंह' (१९६०) या पंजाबी चित्रपटात हीरो होता! हिंदीत आला आणि काय झालं तुम्हाला माहीत आहे. म्हणजे प्राणचीच गोष्ट पुन्हा, फक्त या वेळी फाळणीचं कारण नाही. पंजाबीतला हीरो, हिंदीतला खलनायक.

तिकडे मात्र पंजाबी चित्रपट नटाचं पोट भरत होता. सुधीर, अकमल, नंतर सुलतान राही. 'मौला जट' (१९७९) नंतर तर राही म्हणजेच पंजाबी सिनेमा. गंडासा (लांब दांड्याची कुऱ्हाड) हातात घेऊन शेकडो चित्रपट केले त्यानं. १९९६च्या जानेवारीत गुजरांवालाजवळ गोळी घालून मारलं त्याला. तेव्हा त्याचे कितीतरी चित्रपट अर्धवट होते, धंदाच कोसळला.

एक अलाउद्दीन सांगायचा राहिला. मुंबईत 'मेला'त (१९४८) होता. लाहोरला गेल्यावर 'करतार सिंह' (१९५९) मध्ये नावाची भूमिका केली. फाळणीतला शीख, वाईट आहे पण माणूस आहे. पाकिस्तानी पंजाबी चित्रपट, शिखाच्या नावाचा, आणि आपल्या ईस्ट पंजाबात गर्दीत चालला.

---

शेंगदाणे

कुलदीप कौरनं प्राणची गाडी लाहोरहून चालवत आणली होती ती हीच का?

---

कोळीवाड्याचा पुत्तर

हीच. मंटोनं लिहून ठेवलंय ते. दंगली पेटलेल्या असताना एकटी बाई प्राणची गाडी घेऊन सुखरूप आली. मंटो रंगवून लिहायचा हे खरं, पण तिला पडद्यावर बघितली की पटतं. 'समाधी'त (१९५०) नलिनी जयवंतबरोबर ती 'गोरे गोरे' गाण्यात आहे, तिची नजर बघा. मुंबईत तिलाही खलनायिकाच केली. १९६०मध्ये गेली, शिर्डीला गेली असताना पायात काटा शिरला, दुर्लक्ष केलं, धनुर्वात.

---

तबकडीवाला

मीना शोरीचं कुणी लिहीत नाही म्हणजे काय! 'लारा लप्पा' तर सगळ्यांना येतं.

खरं नाव खुर्शीद जहाँ. सोहराब मोदींच्या 'सिकंदर'मधून (१९४१) पुढे आली. मोदींच्या कंपनीतून लाहोरकडे ओढा, तिथे रूप के. शोरी भेटला, लग्न झालं. दंगलीत स्टुडिओ जळाल्यावर दोघं मुंबईला आले आणि 'एक थी लड़की' (१९४९) केला, तोच 'लारा लप्पा'वाला. मोतीलाल नायक, संगीतकार विनोद. विनोदी नायिका ही जागा आपल्याकडे जवळजवळ रिकामी होती. नायिकेनं रडायचं आणि विनोद करायला वेगळी जाडी बाई ठेवायची, ही पद्धत. मीनानं नायिका असून धमाल केली. गीता बाली येईपर्यंत तिला तोड नव्हती, असं मी म्हणेन, भांडायला तयार आहे.

१९५६मध्ये कराचीचे वितरक-निर्माते जे. सी. आनंद यांनी शोरी जोडप्याला लाहोरला बोलावलं, 'मिस ५६' करायला. (हे आनंद हिंदू, आणि फाळणीनंतर तिकडेच राहून धंदा केला. त्यांच्यावर कुणी लिहिलं पाहिजे.) चित्रपट म्हणजे गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'ची सरळ नक्कल. काम झाल्यावर रूप शोरी मुंबईला परतला. मीना नाही परतली.

का? लाहोरनं तिला डोक्यावर घेतलं होतं, हे उघड आहे. साबणाच्या जाहिरातीत झळकली, 'सरफरोश' (१९५६) मिळाला, मुंबईत तेव्हा तिच्याकडे फारसं काम उरलं नव्हतं. त्या क्षणी तिनं केलेला हिशोब चुकीचा म्हणता येत नाही. पण काही वर्षांत नायिकेची कामं गेली, मग आयांची, मग तीही नाहीत. १९८९मध्ये लाहोरमध्ये अत्यंत हलाखीत वारली. इकडे रूप शोरी १९७३लाच गेला होता, त्याचाही मुंबईत पूर्वीसारखा जम बसला नव्हता. स्टुडिओ लाहोरमध्ये ज्या जागेवर होता तिथे नूरजहाँ आणि शौकत रिझवींचा शाहनूर स्टुडिओ उभा राहिला, तो मात्र वर्षानुवर्षं चालला.

---

निमिष

रतनकुमार राहिला की! 'दो बीघा जमीन', 'बूट पॉलिश', 'जागृति', आपल्याकडचा त्या काळचा सगळ्यात मोठा बालनट. खरं नाव सय्यद नजीर अली. कुटुंब पन्नासच्या दशकाच्या मध्यावर पाकिस्तानला गेलं आणि १९५७ला 'बेदारी' आला. 'जागृति'चीच कथा, त्याच चाली, शब्द बदललेले. 'आओ बच्चों तुम्हें दिखाएँ झाँकी हिंदुस्तान की' चं तिकडे पाकिस्तानची सैर झालं, आणि साबरमतीच्या संताच्या जागी कायदे-आझम. आणि दोन्हीत पडद्यावर तोच मुलगा! लोकांच्या लक्षात आल्यावर ओरड झाली.

मोठा झाल्यावर 'नागिन' (१९५९) मध्ये नायक झाला, नीलोसमोर. पण बालनटांचं जे होतं तेच झालं. नंतर अमेरिकेत स्थायिक झाला, २०१६मध्ये तिथेच गेला.

मला त्याची कीव येत नाही, उलट हेवा वाटतो. दोन देशांच्या मुलांनी त्याच्याकडे बघून देशभक्ती शिकली, एकाच चालीत.

---

अनुराधा के

निमिष, हेवा?? त्या पोराला कुणी विचारलं होतं का की कुठलं गाणं म्हणायचंय?

---

वऱ्हाडी ठेचा

पुढच्या पिढीचं एक टाकतो आणि थांबतो. नदीम, म्हणजे पाकिस्तानचा सत्तरच्या दशकातला सगळ्यात चालणारा उर्दू हीरो, जन्म आंध्रातल्या विजयवाड्याचा. खरं नाव नझीर बेग. पदार्पण ढाक्याच्या 'चकोरी'तून (१९६७). म्हणजे तेलुगू मुलुखात जन्म, बंगाली मुलुखात नाव, आणि पैसे लाहोर-कराचीत. मोहम्मद अली मूळचा रामपूरचा. तो आणि झेबा मनोजकुमारच्या 'क्लर्क'मध्ये (१९८९) आले होते, कुणी पाहिला असेल तर सांत्वनपर प्रतिसाद देतो.

---

शेंगदाणे

मी पाहिलाय. द्या सांत्वन.

---

पिटातला प्रेक्षक

:-) शेंगदाणे, धीर धरा.

मंडळी, भर उत्तम पडली. अनुराधाताईंचा वयाचा आणि वऱ्हाडींचा टेरिटरीचा मुद्दा एकत्र ठेवला तर नूरजहाँचंही वेगळं दिसतं. आपण तिला तिकडची महाराणी म्हणतो, पण अभिनेत्री म्हणून तिचे पाकिस्तानातले चित्रपट डझनभराच्या आसपास. 'चन वे' (१९५१), 'दोपट्टा' (१९५२), 'इंतजार' (१९५६), 'अनारकली' (१९५८), 'कोयल' (१९५९), आणि १९६१च्या 'गालिब'नंतर नायिका म्हणून थांबलीच. वय पस्तीस. पुढची तीन दशकं ती टिकली ती पार्श्वगायिका म्हणून, आणि त्यातली मोठी कमाई पंजाबी गाण्यांची. तिच्याकडे गळा होता म्हणून दुसरा रस्ता निघाला. मुमताज शांतीकडे तो नव्हता.

आणि संतोषकुमारचा उल्लेख झाला म्हणून त्याचा भाऊ दर्पण. लाहोरमध्ये सुरुवात केली, मग पन्नासच्या दशकाच्या मध्यावर उलट मुंबईला नशीब काढायला आला, किरकोळ कामं मिळाली, परत गेला आणि 'सहेली' (१९६०) साठी निगार पुरस्कार घेतला. सरहद्द ओलांडून दोन्हीकडे प्रयत्न केलेला आणि जिथून निघाला तिथेच जमलेला, नासिर खाननंतर हा दुसराच नट मला सापडला. अजून कुणी असतील तर सांगा.

तबकडीवाले, शालिमार आणि नीनावर वेगळा धागा काढाच. पुणेकरांनी त्या स्टुडिओची जागा नेमकी कुठे होती ते तिथेच लिहावं, इथे पत्त्यांवरून भांडण नको.

---

तबकडीवाला

काढतो. पण पुणेकर आणि पत्त्यावरून भांडण नको, ही अट काढून टाका, नाहीतर धाग्यावर कुणी फिरकायचं नाही.